म्हातारीचं पुढं काय झालं?

"आधी हात बघा," मामा म्हणायचे.

कुठं खून पडला आणि कुणी तो रंगवून सांगायला लागलं, की मामा बिडी विझवून एवढंच विचारायचे. "त्येचे हात बघितले का? तळव्यावर, बोटावर काई कापलंय?" परका माणूस मारायला आला तर आपण हात आडवे घालतो, हात फाटतात. ओळखीचा आला तर हात जिथल्या तिथं राहतात, कारण तो मारेल हे ध्यानीमनीही नसतं. हे शास्त्र मामांना कुणी शिकवलं नव्हतं. सरकारी दवाखान्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत वीस वर्षं त्यांनी मुडदे फाडले होते, त्यातून आलेलं ते शहाणपण.

मी त्याच दवाखान्यात कारकून होतो. लातूरच्या अलीकडचं तालुक्याचं गाव. डॉक्टर नाकाला रुमाल लावून उंबऱ्यात उभे राहायचे, आत मामा कापायचे आणि मोठ्यानं सांगायचे, डॉक्टर त्याचं इंग्रजी करायचे आणि मी ते लिहायचो. सगळा दवाखाना त्यांना मामा म्हणायचा आणि त्यांच्या हातचा चहा कुणी प्यायचा नाही. पहिलं वर्षभर मीही प्यायलो नाही, खोटं कशाला बोलू?

जिल्हा तेव्हा नुकताच नवा झालेला. कागदावरचं 'उस्मानाबाद' पेनानं खोडून वर 'लातूर' लिहायचं, हे माझं दिवसातलं मोठं काम. आणि दुष्काळ असा, की नव्या कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग वाळायच्या आत पाण्यापायी पडलेले मुडदे आमच्याकडं यायला लागले. टँकरच्या रांगेत घागर घालून डोकं फोडलेली बाई आली. हातपंपाचा दांडा छातीत बसलेला माणूस आला. दोन भावक्यांच्या मारामारीतले तिघं एकाच बैलगाडीत आले. मामा एकेकाला आत घेत आणि म्हणत, "ये बाबा, आता कुणी मारत न्हाई."

त्याच उन्हाळ्यात मामांचा सख्खा धाकटा भाऊ आला. रेणापूरकडं त्यांचं खेडं. तिघा भावांत एक विहीर, थोरला आणि धाकटा शेती बघायचे, मामा नोकरीत. धाकटा रात्री मोटार बघायला गेला आणि विहिरीत पडला, तळाला खडक होता, असं थोरल्यानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "लातूरहून दुसरा माणूस मागवू." मामा म्हणाले, "नगं सायेब, मीच करतो." आणि त्यांनी केलं. फक्त त्या दिवशी मामांनी आतून मोठ्यानं काही सांगितलं नाही. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि मी लिहिलं, पडल्यामुळे मृत्यू. धाकट्याचे हात कसे होते ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. एवढी अक्कल तेव्हा असती तर पुढचं सांगायची वेळच आली नसती.

आता दिवाळी अंकाकडं येतो.

त्या वर्षीच्या एका दिवाळी अंकात एका मोठ्या अद्भुत कादंबरीचं पहिलं प्रकरण नमुना म्हणून छापून आलं. 'संपूर्ण कादंबरी पुढील वर्षी' असं खाली लिहिलेलं. तुमच्यापैकी कुणी ते वाचलं असेल तर सांगायला नको, आणि नसेल तर तुमच्या तरुणपणात काहीतरी राहून गेलं. एका मांत्रिकानं अख्खी नदी शिंपल्यात बंद करून नेलेली. राज्यात पाण्याची शेवटची एक बारव उरलेली. तिच्यासाठी हत्ती हत्तीला फाडतो, मुंडकी पायऱ्यांवरून गडगडत खाली येतात, एक तुटलेला हात तलवार न सोडता रांगत जातो. रणकेतू हा थोरला राजपुत्र असा लढतो, की वाचताना आपलंच मनगट दुखावं. आणि पहाटे त्याचा धाकटा भाऊ मेघनील दुसऱ्या एका कोरड्या बारवेच्या तळाशी मेलेला सापडतो. रणकेतू सुडाची शपथ घेतो. एक म्हातारी दासी प्रेताला अंघोळ घालते, मानेवरची जखम बघते, क्षणभर थांबते, वरून शेला ओढते. संपलं प्रकरण!

मेघनीलला मारलं कुणी? अहो, गावात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे मांत्रिकानं, दुसरा म्हणे त्या रांगत्या हातानं. मी हाताच्या पक्षाचा. वाचनालयात यावरून एकदा खुर्ची फेकली गेली आणि ग्रंथपालाच्या कपाळाला चार टाके पडले. टाके आमच्याच दवाखान्यात घातले आणि घालताना कंपाउंडरनं त्याला विचारलं, "तुमी कोणाच्या बाजूचे?"

मांत्रिकाच्या पक्षाचा पुढारी म्हणजे आमच्या ठाण्याचा हवालदार. मुडदे तोच घेऊन यायचा. काम झालं की आम्ही मागच्या लिंबाखाली बसायचो, मी ते प्रकरण मोठ्यानं वाचायचो आणि हवालदार मांडीवर थापा मारायचा. "त्या मांत्रिकाला दोन तास माझ्या कोठडीत द्या, नदी काय, समुद्र ओकवतो!" मामा चार हात लांब उकिडवे बसून ऐकायचे.

सातव्या की आठव्या वाचनाला मामांनी तोंड उघडलं. "त्येच्या हाताचं काय लिव्हलंय? फिरून वाचा बरं."

मी वाचलं. 'त्याचे कोवळे हात फुलासारखे स्वच्छ होते.' लेखकानं ते शोभेसाठी लिहिलेलं असणार.

"बघा," मामा म्हणाले. "हात साफ. वार मानंवर, मागून. वळखीच्यानं मारलंय. रणकेतूनं मारलंय त्येला."

हवालदार उठला आणि त्यानं मामांची बंडी गळ्याशी धरली. "रणकेतूचं नाव घेतलंस तर दात घशात घालीन!" आणि नुसता बोलून थांबला नाही, मारली एक. मामांचा ओठ फुटला. मी मधे पडलो तर मलाही कोपर बसलं. कागदावरच्या राजपुत्रासाठी आम्ही तीन बाप्ये माणसं धुळीत लोळलो, आता सांगताना लाज वाटते. मामांनी रक्त पुसलं आणि शांतपणे विचारलं, "ते ऱ्हाऊ द्या. त्या म्हातारीचं पुढं काय झालं?"

"कोणती म्हातारी?" हवालदार म्हणाला. आम्हाला ती आठवतसुद्धा नव्हती.

"न्हाऊ घालनारी. तिनं वार बघितला न्हवं? मंग ती बोलली का न्हाई?"

तेव्हापासून मामांचं हेच. मी जेवणाचा डबा उघडला की हे समोर हजर. "बाबूजी, म्हातारी बोलंल का?" कधी म्हणायचे, "कामून बोलंल? तिला कोन इचारतंय?" कधी स्वतःच स्वतःशी भांडायचे, "बोलली तर रणकेतूला सुळावर देतील. राणीचे दोन्ही ल्येक गेले मंग. राणीनंच तिला गप बसवलं आसंल." मी हसायचो. मला वाटायचं, म्हातारा कादंबरीच्या नादाला लागला, चांगलं आहे, भावाचं दुःख विसरेल. असा मी हुशार!

शेवटी मामांच्या हट्टानं आम्ही लेखकाला पत्र टाकलं, अंकाच्या पत्त्यावर. उत्तर आलं नाही. दोन महिने मामा टपालवाल्याच्या वाटेवर उभे. हवालदाराला मजा वाटायला लागली. तो म्हणाला, "बाबूजी, तुमीच लिवा की उत्तर. लिवा, दवाखान्यातल्या म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मी बंदोबस्ताला पुण्याला चाललोय, तिथून पेटीत टाकतो."

मी लिहायला बसलो खरा, पण मामांचा तो फुटका ओठ डोळ्यांपुढं आला आणि थट्टा करवेना. डाव्या हातानं, पुणेरी थाटात मी लिहिलं: 'आपला तर्क अचूक आहे. पुढील प्रकरणात वृद्ध दासी भर दरबारात शेला दूर करते आणि सत्य सांगते. ती बोलल्याशिवाय ही कादंबरी पुढे सरकूच शकत नाही.' हे शेवटचं वाक्य जमलं म्हणून मी स्वतःवरच खूश झालो होतो.

पत्र आलं. मामांनी ते अक्षर अक्षर लावत स्वतः वाचलं, मग माझ्याकडून वाचून घेतलं, मग घडी करून बंडीत ठेवलं. मला वाटलं, खूश झाले. दुसऱ्या दिवशी मामा कामावर आले नाहीत.

दुपारी हवालदार सायकल टाकून पळत आला. तोंड पांढरं फटक. "बाबूजी, काय लिवलंत हो त्या पत्रात? मामा ठाण्यात येऊन बसलाय. म्हनतो, धाकटा पडला न्हाई, थोरल्यानं कुऱ्हाडीनं मारला. जखम म्या झाकली, मला आत घाला."

मी त्याला पत्रातलं ते शेवटचं वाक्य म्हणून दाखवलं.

मामांचा जबाब मी नंतर वाचला. कानामागं कुऱ्हाडीची धार लागली होती. मुडदा पालथा करायची वेळ आली तेव्हा डॉक्टर बाहेर हात धूत होते. मामांनी केस वर ओढून घेतले आणि जखम खालच्या खाली शिवून टाकली. त्याच्या तासभर आधी आई दवाखान्याच्या मागं येऊन त्यांच्या पायांना मिठी मारून बसली होती. "एक गेला रं. आता दुसऱ्यालाबी फासावर देतूस का? तुला माज्या दुधाची आन हाय." तिला सगळं माहीत होतं. आणि दिवाळीपासून हा माणूस आमच्यासमोर बसून विचारत होता, म्हातारी बोलंल का. आणि आम्ही रांगत्या हाताच्या गोष्टी करत होतो!

धाकट्याला शेतातच पुरलं होतं, ते प्रेत उकरायचं ठरलं. तहसीलदार आले, लातूरहून दुसरे डॉक्टर आले, हवालदार आला, लिहायला मी. शेत भेगाळलेलं, माती टिकावाला दाद देत नव्हती. आई बांधावर बसलेली. खाली गेल्यावर मजूर मागं सरले, तेव्हा मामा स्वतः खड्ड्यात उतरले आणि भावाला त्यांनी हातांनी मोकळं केलं. वर आले ते कवटी घेऊन. मातीनं भरलेली ती कवटी त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसली.

"हितं बघा सायेब. कानामागं. दगडावर पडलं तर हाड चुरगाळतं. ही चीर सरळ हाय. ही धारंची हाय."

थोरला तिथंच उभा होता, पुरावा नसल्यानं त्याला अजून धरलं नव्हतं. त्यानं फावडं उचललं आणि कुणाला कळायच्या आत मामांच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा घाव कपाळावर उतरला. मामा गुडघ्यावर आले, रक्त डोळ्यांत गेलं, पण कवटी त्यांनी पोटाशी धरली, खाली पडू दिली नाही. हवालदारानं थोरल्याला खाली पाडून त्याच्या छातीवर गुडघा रोवला, तरी तो ओरडत होता. "हाव, म्याच मारला! पाळी माजी होती! तीन दिसाला हिरीत टिचभर पानी साचतंय आन् ह्यो वस्तीच्या बायांना घागरी भरून देतोय! माजा बैल टाचा घासून मेला, तवा कोन आलं?" आई बांधावर कपाळ आपटून घेत होती. ती शिव्या देत होती त्या थोरल्याला नव्हे, मामांना.

थोरल्याला जन्मठेप झाली. मामांना माफीचा साक्षीदार केलं म्हणून ते वाचले, खात्याची चौकशी मात्र लागली. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात आईनं सगळ्यांसमोर त्यांना वहाणेनं मारलं. ती दमेपर्यंत मामा उभे राहिले, मग तिला प्यायला पाणी आणून दिलं. तिनं ते ओतून दिलं. घराचं दार तिनं त्यांना बंद केलं ते कायमचं. मामांनी स्वतःच मागून नांदेडकडच्या हदगावला बदली घेतली. डावा हात खांद्यातून वर जात नव्हता.

मी तोवर पत्राचं बोललो नव्हतो. भेकडपणा, दुसरं काय! हवालदार म्हणायचा, "गप ऱ्हावा, न्याय तर झाला ना?" पण मामा सामानाची बांधाबांध करताना मला म्हणाले, "बाबूजी, त्या लेखकाला अजून एक कागुद टाका. म्हातारी बोलल्यावर तिचं पुढं काय झालं, ते त्येनं न्हाई लिव्हलं. कुटं गेली आसंल ती? कुनी थारा दिला आसंल?"

त्या रात्री मी कागद पुढं घेऊन बसलो, पण आता दुसरं खोटं लिहवेना. कादंबरी त्या वर्षी आली नाही, पुढंही आली नाही. ते एक प्रकरण सोडून लेखकानं पुढं काही लिहिलंच नसावं, असं वाचनालयातले म्हणत.

सकाळी एसटी स्टँडवर मी आणि हवालदार त्यांना पोचवायला गेलो. मामा वळकटीवर बसले होते. मी समोर उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं. "मामा, ते पत्र खोटं होतं. मी लिहिलं होतं. डाव्या हातानं."

मामा उठले आणि त्यांनी चांगल्या हातानं माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली, की मी खांबावर जाऊन आदळलो. माणसं जमली. हवालदार पुढं आला, त्याला मी हातानंच थांबवलं. कानात घंटा वाजत होती आणि मला बरं वाटत होतं, खरंच सांगतो. अजून दोन मारल्या असत्या तरी चाललं असतं.

मामांनी विचारलं, "मंग म्हातारी?"

"तिचं पुढचं कुणी लिहिलंच नाही, मामा."

"म्हंजे ती बोलली न्हाई?"

"नाही."

मामांचा अजून वर असलेला हात हळूहळू खाली आला. 

"म्हंजे," ते म्हणाले, "म्या एकलाच बोललो."

नांदेडची गाडी लागली. मी त्यांची वळकटी उचलून वर द्यायला गेलो, तर मामांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, एका हातानं ओढत पायरीवर चढवली आणि आत जाऊन पलीकडच्या खिडकीला बसले.