आत्याचं नाक

शहर संपतं आणि डांबरी रस्ता अरुंद होतो, तिथे पत्र्याचं एक दुकान होतं. मागच्या शेतात पहाटे खुडलेली भाजी तिथे दहाच्या आत संपायची. लोक लांबून यायचे ते आत्यासाठी. ती मालकाची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं. भावजय लवकर गेली तेव्हा तान्ह्या भाच्याला तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं. पुढे गिऱ्हाइकंही तिला आत्याच म्हणू लागली.

क्रेट दुकानात आले की आत्या एकेक जुडी, एकेक फळ नाकाशी नेई. खरबूज देठाकडून हुंगून सांगे, "हे आज दुपारी कापा, हे परवा." कधी चुकत नसे. पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. शेजारच्या शेतातली एक विधवा आपले टोमॅटो या दुकानात विकायला ठेवायची. एकदा आत्याने तिची टोपली हुंगली आणि सगळ्यांसमोर रस्त्यावर पालथी केली.

"औषध मारून तीन दिवससुद्धा झाले नाहीत. लोकांना खायला घालतेस की मारायला?"

ती बाई खाली बसून टोमॅटो वेचत राहिली. आत्याचं म्हणणं खरं होतं, पण त्यानंतर त्या बाईचा माल कोणी घेईना. वर्षभरात ती लोकांची धुणीभांडी करू लागली. आत्याला त्याचं काही वाटलं नाही.

भाच्यालाही ती सोडत नसे. त्याने एकदा घाऊक बाजारातून मिरच्या आणून गुपचूप आपल्या मालात मिसळल्या. आत्याने त्या हुंगल्या आणि उचलून थेट उकिरड्यावर फेकल्या. "चार दिवस बर्फात ठेवलेला माल हा. तुला नाक दिलंय ते काय फक्त सर्दीसाठी?" भाच्याची नवी बायको शेजारीच उभी होती. त्याच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

मग एका थंडीत आत्या तापाने आठ दिवस पडून राहिली. नवव्या दिवशी उठली, गॅसवर दूध ठेवलं आणि शेजारीच वाटाणे सोलत बसली. सून बाहेरून धावत आली.

"आत्या, अहो दूध करपलं! घरभर वास सुटलाय!"

आत्याने भांड्यात पाहिलं. बूड काळं पडलं होतं. तिला कसलाच वास येत नव्हता.

"डुलकी लागली गं," ती म्हणाली.

ती एकटीच गुपचूप डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी सांगितलं, वास महिन्याभरात परत येईल, नाहीतर कधीच येणार नाही. महिना गेला, दोन गेले. आत्याने कोणाला पत्ता लागू दिला नाही. पालकाचा देठ मोडून बघायची, खरबूज बोटाने वाजवून आणि हातात तोलून बघायची, आणि मग सवयीने नाकाशी नेऊन मान हलवायची. गिऱ्हाइकं पूर्वीसारखीच खूश होऊन जायची. एकालाही फरक कळला नाही, याचं तिला बरं वाटायचं, आणि वाईटही.

सुनेला मात्र कळलं. शेतातल्या पंपाजवळ डिझेल सांडून एक क्रेट काकड्या भिजल्या होत्या. त्या टाकायच्या म्हणून बाजूला ठेवल्या, तर आत्याने त्यातलीच एक उचलली, हुंगली आणि क्रेट विक्रीच्या फळीवर मांडला. सुनेने तो मुकाट्याने उचलून नेला आणि नवऱ्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भाच्याने एक खरबूज आत्याच्या नाकासमोर धरलं. "आत्या, सांग बरं कसं आहे."

खालची बाजू त्याने तळहाताने झाकून धरली होती. आत्याने देठ नाकाला लावला. लोक कौतुकाने बघत होते.

"गोड आहे. आजच कापा."

भाच्याने फळ उलटं केलं. खालून ते पार सडलं होतं, आत अळ्या वळवळत होत्या. पुढच्या रांगेतले लोक नाक धरून मागे सरले. कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. धुणीभांडी करणारी ती शेजारीणही रांगेत होती. ती हसता हसता डोळे पुसत होती.

"आत्याचं नाक गेलं हो," भाचा मोठ्याने म्हणाला. "आम्हीच इतके दिवस सांभाळून घेत होतो."

आत्याने भावाकडे पाहिलं. तो काट्यावर बटाटे ठेवत होता. पारडं कधीच खाली टेकलं होतं, तरी तो ठेवतच राहिला.

तेव्हापासून तिची जागा दुकानामागच्या शेडमध्ये झाली. हौदावर बीट आणि गाजरं धुवायची, माती काढायची. पंधरवड्यातच पहाटे शेडच्या दाराशी ट्रक लागायला लागला. घाऊक बाजाराचे शिक्के असलेले क्रेट उतरायचे. भाचा माल आपल्या क्रेटमध्ये ओतायचा, वर थोडी शेतातली माती भुरभुरायचा आणि पुढे न्यायचा. आत्याचे हात पाण्यात तसेच थांबायचे.

एक निवृत्त शिक्षिका वीस वर्षं तिच्याकडून भाजी नेत असे. ती एकदा हात धुवायला हौदावर आली. आत्याने तिचं मनगट धरलं.

"बाई, ती भाजी घेऊ नका. आमच्या शेतातली नाही. ट्रकमधून येते."

शिक्षिकेने हात सोडवून घेतला. आवाज अगदी गोड ठेवून म्हणाली, "आत्या, आता तुम्हाला कुठे वास येतो? कशाला पोराच्या धंद्यावर उठता?" आणि बाहेर जाऊन तिने तो सगळा प्रसंग भाच्याला सांगितला.

भाच्याने आवाज चढवला नाही. शेडचं बाहेरचं दार त्याने बाहेरून कडी घालून बंद केलं, इतकंच. जेवण सून आत आणून देऊ लागली. एका दुपारी ताट ठेवताना तिने दुसऱ्या हाताने नाक दाबून धरलं होतं.

"शिळं आहे का गं?"

"छे हो. आत्ताच केलंय."

आत्या भाजीकडे बघत राहिली. रंग ठीक वाटत होता. भूक लागली होती. तिने खाल्लं, आणि दोन दिवस तिचं पोट बिघडलं. त्यानंतरही ताटं यायची आणि ती खायची. सून म्हणायची, "तिला काय कळतंय," आणि हे आत्याला ऐकू जायचं, कारण कान शाबूत होते.

त्या उन्हाळ्यात भाऊ पहिल्यांदा शेडमध्ये आला. हातात पाच खरबुजं होती.

"ताई, यातलं बियाण्याला कुठलं ठेवू? तुझ्याशिवाय कोणाला समजत नाही."

आत्याने पाचही फळं वाजवून, तोलून पाहिली. सगळ्यात पोकळ, रोगट वेलावरचं फळ तिच्या हातांनी लगेच ओळखलं. तेच तिने त्याच्या हातात दिलं.

"हे ठेव."

"नक्की ना?"

"मी कधी चुकले का रे?"

पुढच्या हंगामात वेलांना मुठीएवढी, पांढरट फळं लागली. शेडच्या जाळीतून आत्याला ती दिसायची. ती रोज वाट बघायची की भाचा डोक्याला हात लावून बांधावर बसेल. भाचा एकदाच तिकडे फिरकला. पायाने एक फळ उलटवून पाहिलं आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला, "हे सगळं नांगरून टाक. इथे गाड्या लावायला जागा करू. गिऱ्हाइकं वाढलीत."