अस्तराची सूज

कुरखेड्यातल्या यच्चयावत माणसांना आतून-बाहेरून ओळखणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच झाला, आणि तो डॉक्टर नव्हता, तलाठी नव्हता, पोलिसातलाही नव्हता. बस स्टँडमागच्या गल्लीत टिनाच्या छपराखाली पायमशीन चालवणारे ते आमचे टेलर मास्तर. माणसाचं नाव, गाव, हुद्दा यातलं काही त्यांच्या डोक्यात टिकत नसे. टिकायचं ते माप. एकदा अंगावरून टेप फिरवला की कॉलर, छाती, बाही, कंबर जन्मभरासाठी आत जाऊन बसली. दुकानात मापाची वही म्हणून नव्हती. "वही कायले पायजे? वही उंदीर खाते," असं म्हणून ते कपाळावर बोट टेकवायचे, "इथी उंदीर नाई." त्यामुळे त्यांच्याशी गप्पा मारणं हे एक कोडंच असे. बीडीओ साहेबांची बदली झाली तर "बेचाळीस छाती गडचिरोलीले गेली" अशी बातमी लागायची. एकदा तर सकाळी सकाळी डोळे पुसत म्हणाले, "साडेपंधरा कॉलर गेली ना बाप्पा!" आणि नक्की कुणाच्या मयतीला जायचं ते शोधण्यात अख्ख्या गल्लीचा तासभर गेला.

मी नव्वद सालानंतर लगेचच तिथल्या सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीत रुजू झालो होतो. चंद्रपूरहून आलेला, अंगाने काडी, आणि दोनच पॅन्ट. तिसरी शिवायला गेलो तर मास्तरांनी टेप हातात घेण्याआधी मला नुसतं न्याहाळलं, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि डाव्या खांद्यावर बोट दाबून म्हणाले, "हा खांदा अर्धा इंच खाली हाय. लहानपणी सायकलवरून पडले काय भाऊ?" पडलो होतो. उसनी सायकल होती म्हणून घरी कुणाला सांगितलंही नव्हतं. आईपासून लपवलेली गोष्ट या माणसाने चहा येण्याआधी बाहेर काढली, तेव्हाच मी ठरवून टाकलं की कपडे शिवायचे तर इथेच. पुढच्या पंधरा वर्षांत माझ्या प्रत्येक शर्टाचा डावा खांदा त्यांनी न विचारता अर्धा इंच उतरवला. लोक म्हणायचे, कंपाउंडर साहेब ताठ चालतात. माझं ताठपण मास्तरांच्या कात्रीतलं होतं, दुसरं काही नाही.

दुकानात पूर्वी दोन मशिनी होत्या. दुसरीवर मास्तरांचे थोरले भाऊ बसत. मास्तरांना कात्री धरायला त्यांनीच शिकवलं. पन्नाशी उलटल्यावर त्यांना लकवा झाला. हातपाय थोडे सुधारले, पण मग आठवण जाऊ लागली. शेवटी शेवटी मास्तर जेवणाचं ताट घेऊन आत गेले की थोरले गळ्यात नसलेला टेप चाचपत आणि विचारत, "नवीन गिऱ्हाईक होय काय? उभे राहा, माप घेतो." मास्तर ताट खाली ठेवायचे आणि हात पसरून उभे राहायचे. रोज. हे मला मास्तरीणबाईंनी सांगितलं. मास्तर स्वतः एवढंच म्हणायचे, "मराले मी भेत नाई भाऊ. पण असं घरच्याच माणसाले नवीन गिऱ्हाईक समजणं नको." थोरले गेले, त्यांची मशीन मास्तरांनी विकली नाही, तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद घालून ठेवला. हसऱ्या माणसाच्या पोटात एवढी एकच भीती होती.

पुढे शाळेच्या पटांगणात हृदयरोगाचं शिबिर झालं. नागपूरहून मोठे डॉक्टर आले होते. ते दोन वाक्यं मराठीत बोलायचे आणि तिसऱ्याला इंग्रजीत घसरायचे, म्हणून लोकांना समजावून सांगायला मला पुढे उभं केलं. डॉक्टर म्हणाले ते मी सांगत गेलो. कोलेस्टेरॉल ही रक्तातली चरबी. ती काही मुळातच वाईट नाही, शरीराला लागते, आपलं यकृतच ती तयार करतं. एक जात माल आणून टाकते, दुसरी उचलून नेते. टाकणारी जास्त झाली की रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला ती साचते. पण नुसती साचून भागत नाही. तिथे ते जे काय होतं, इन्फ्लमेशन, त्याला मराठीत काय म्हणायचं? चारशे माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत, बोगद्यासारखा भोंगा समोर, मला दरदरून घाम. मी म्हटलं, "सूज! रक्तवाहिनीच्या अस्तराला आतून सूज येते. मग ते अस्तर फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी धरते. हृदयाची वाट अडली तर झटका, मेंदूची अडली तर लकवा, आणि बारीक बारीक वाटा अडत गेल्या तर आठवण जाते."

तिसऱ्या रांगेत मास्तर उभे राहिले. "भाऊ, अस्तर म्हंजे कोटाच्या आत असते तेच ना?"

"तसंच."

"अन् ते फुगते?"

"फुगतं," मी म्हणालो, आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

दुसऱ्या दिवशी मास्तर खिडकीवर हजर. डोळे चमकत होते. "कोटाचं अस्तर फुगलं का वरचं कापड उचलतेच. म्हंजे हे सूज टेपनं सापडलीच पायजे!" मी परोपरीने सांगितलं की ही सूज तशी नाही, डोळ्यांना दिसत नाही, रक्त तपासावं लागतं. ते म्हणाले, "सूज हाय, पण मोजता येत नाई? मंग हे कोणती सूज? अन् रक्तात इंच असते काय?" शब्द माझाच होता, आता गिळणार कसा! त्या दिवसापासून मास्तर रोज सकाळी आंघोळ झाली की आरशासमोर उभं राहून आपली मान, मनगटं, छाती आणि पोट मोजू लागले. लकव्याची भीती म्हणून डोकंही मोजायचे, कानांच्या वरून, टेप घट्ट ओढून. एका सकाळी डोकं पाव इंच जास्त भरलं, तर मास्तर खाटेवर आडवे आणि मास्तरीणबाई धापा टाकत दवाखान्यात. मी जाऊन पाहिलं, तर मोजण्याआधीच डोक्याला तेल लावून केसांचा फुगा काढलेला. बाई वैतागून म्हणाल्या, "भाऊ, तुमी काऊन सांगतलं याइले? आता माह्या भाकरीबी मोजून राह्यले, टेपनं!"

स्वतःपुरतं ठेवतील तर ते मास्तर कसले! आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नवं माप डोक्यातल्या जुन्या मापाशी ताडून ते दुकानातच निकाल सांगू लागले. तहसीलदार साहेब सफारी शिवायला आले, त्यांना चार माणसांत म्हणाले, "सायेब, पाच सालात साडेतीन इंच. अस्तर फुगून राह्यलं तुमचं." साहेब दोन महिने बोलले नाहीत, पण गोटणगावच्या रस्त्यावर पहाटे कुणी लगबगीनं चालताना दिसलं तर ते साहेबच असायचे. लग्नाच्या पंगतीत मास्तर कुणाच्या पानातली भजी उचलत, कुणाची मटणावरची तर्री वाटीत काढून बाजूला ठेवत. मेंदूतही भरपूर कोलेस्टेरॉल असतं आणि तिथे ते लागतंच, असं मी एकदा बोलून गेलो. ते थक्क होऊन बसले. "मेंदू चरबीचा? मंग आपल्या सरपंचाचा केवढा असंल!" सगळं पथ्य पाळलं, सुटला नाही तो खर्रा. तंबाखू, सुपारी, चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात. मी सांगून दमलो की तंबाखूने ते अस्तर आणखी चिडतं. मास्तर शांतपणे गाल हलवत म्हणत, "खर्रा तं शाकाहारी हाय भाऊ." रक्त मात्र कधी तपासू दिलं नाही.

मग एका दिवाळीच्या आधी त्यांनी शिवलेली माझी पॅन्ट मी घरी नेऊन चढवली, तर ती मांडीवरच अडली. कंबर बत्तीस. माझी तेव्हा अडतीस होती. महिन्याभरापूर्वी त्यांनीच मोजून मला शिव्या घातल्या होत्या. मी हसत हसत पॅन्ट घेऊन दुकानात गेलो. "मास्तर, ही कुणाची? माझ्या लग्नातली का?" म्हणालो. मास्तरांनी पॅन्ट हातात घेतली, कंबरेवर टेप ठेवला, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. बत्तीस हे माझं पहिलं माप होतं, मी काडी होतो तेव्हाचं. ते जागेवर होतं. महिन्यापूर्वीचं गेलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, उंदीर शिरला." मग म्हणाले की चार दिवसांपूर्वी कात्री हातातून गळाली होती, उजवा हात थोडा वेळ आपला वाटलाच नाही, तोंडातून शब्द निघेना, पण दहा मिनिटांत सगळं ठीक झालं म्हणून कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या नजरेला नजर देण्याची हिंमत होईना, मी त्या प्लॅस्टिक घातलेल्या मशिनीकडे बघत राहिलो.

त्याच दुपारच्या एस.टी.ने मी आणि मास्तरीणबाई त्यांना ब्रह्मपुरीला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी रक्त घेतलं, मानेच्या शिरा तपासल्या. चरबी वाढलेली, दाब वाढलेला, आणि मेंदूला लहानसा झटका येऊन गेलेला. नशीब म्हणून परतला, पुढचा परतेलच असं नाही. गोळ्या लिहिता लिहिता डॉक्टरांची नजर मास्तरांच्या गळ्यातल्या टेपवर गेली. "जरा द्या तो," म्हणाले, आणि उठून त्यांनी चक्क मास्तरांचं पोट मोजलं! डॉक्टर सांगू लागले की पोटावरची चरबी नुसती पडून राहत नाही, त्या आतल्या सुजेला तीही खतपाणी घालते, म्हणून हल्ली आम्ही टेप वापरतो. हात पसरून उभे असलेले मास्तर माझ्याकडे वळले. मघापर्यंत पांढरा पडलेला माणूस, पण काय तो रुबाब! "सांगा आता! टेपनं सापडते का नाई?" परतीच्या एस.टी.त वडशापर्यंत ते हेच सांगत होते, आधी मला, मग कंडक्टरला. कुरखेड्याला उतरताना खर्ऱ्याची पन्नी त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हे ठेवा. मले थोरल्या भावावानी नाई व्हायचं."

खर्रा खरंच सुटला. रिकाम्या गालाला काहीतरी हवं म्हणून मास्तर शर्टाचं बटण तोंडात ठेवू लागले. बोलताना ते दातांवर कट्कट् वाजायचं. त्या वर्षी कुरखेड्यात ज्याच्या शर्टाचं एखादं बटण जास्त चकाकत होतं, त्याने कारण विचारलं नाही हेच बरं. मापांची वहीही आली. मास्तरीणबाई लिहून घेत, आणि मास्तर बाजूला तोंड करून सांगत, वहीकडे बघायचे नाहीत.

पुढे माझी बदली राजुऱ्याला झाली. दोन-तीन वर्षं जाणं झालं नाही. गेलो तेव्हा मास्तर दुकानातच होते, थोरल्यांच्या मशिनीवर. प्लॅस्टिक काढलेलं. मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "लकवा नाई झाला भाऊ, गोळ्या घेतेत. पण आता इसरते बाप्पा." मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं, ओळखीचं काही उमटलं नाही. गळ्यातला टेप काढत त्यांनी विचारलं, "नवीन गिऱ्हाईक होय काय?"

बाईंनी तोंडाला पदर लावला. मी हात पसरून उभा राहिलो, दुसरं काय करणार. मास्तर माझ्याभोवती एक चक्कर मारून आले आणि डाव्या खांद्यापाशी थबकले. बोट दाबलं. गालातलं बटण वाजलं. "हा खांदा..." म्हणाले, "हा खांदा मले ठावा हाय. सायकल!" मग घाईने टेप कंबरेभोवती घेतला आणि जोरात ओरडले, "चाळीस! अस्तर फुगवून ठेवलं ना भाऊ!" मला इतकं रडू आलं की हसूच फुटलं. नाव शेवटपर्यंत आठवलं नाही त्यांना. आठवायची गरजही उरली नव्हती.

महिन्याभराने कुणाच्या तरी हाती शर्ट-पॅन्ट राजुऱ्याला आली. शर्टाचा डावा खांदा बरोबर अर्धा इंच उतरता. पॅन्टची कंबर मात्र अडतीस. ते चाळीस विसरले, की मी दोन इंच उतरवावेत म्हणून मुद्दाम तसं शिवलं, हे विचारायला मी परत गेलो नाही. गेलो असतो तर उत्तर मिळालं असतं, आणि ते मला नको होतं. मी रोज सकाळी बल्लारशाच्या रस्त्याला पाच किलोमीटर चालतो. आता त्या पॅन्टचा हूक लागतो, फक्त श्वास थोडा धरावा लागतो.