संदेशचा न आलेला फोन

मी परळला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. मशीनने दाखवलं तर आहे, नाही तर नाही... इतकं सरळ माझं डोकं. भूत-आत्मा असा विषय निघाला की मी उठून जायचे. आणि आता मीच हे लिहितेय.

माझा धाकटा भाऊ संदेश एका जिल्ह्याच्या छोट्या विमानतळावर सिक्युरिटीत होता. मोठी विमानं तिथे नाहीत, शिकाऊ पायलट मुलं सराव करतात. संदेश त्यांना 'माझी पोरं' म्हणायचा.

रविवार होता. करी रोडच्या आमच्या घरी आई बांगडे तळत होती. दुपारी फोन वाजला, स्क्रीनवर संदेशचं नाव.

"ताई, नीट ऐक," तो म्हणाला. "मागच्या कुंपणाजवळ जुनी शेड आहे, तिथे दोन माणसं आहेत. एकाच्या हातात बंदूक आहे, उघड दिसतेय. पोलिसांना कळव. पोरांना आता खाली उतरवू नका म्हणावं."

तू तिथेच आहेस, तूच सांग ना, असं मी म्हटलं.

"मला सांगता येत नाहीये गं. तू सांग." मग थोडं थांबून म्हणाला, "आईला दे."

आईने पिठाच्या हातानेच फोन कानाला लावला. दोन वाक्यं बोलली, हसली... आणि फोन कट झाला.

मी लगेच पोलिसांना फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं - कुठे, किती जण, बंदूक स्वतः पाहिली का? भावाने पाहिलीय, तो तिथे ड्युटीवर आहे, असं सांगितलं. त्यांनी तिकडे कळवलं. उतरायला आलेली दोन विमानं दुसरीकडे वळवली. ती माणसं शेडमध्येच सापडली, बंदुकीसकट. विमानांचे पार्ट चोरायला शिरली होती, बाहेर पडायला अंधाराची वाट बघत दडून बसली होती.

संदेशही सापडला. शेडमागच्या गवतात.

संध्याकाळी मी आणि मामा गाडी करून पोचलो. सकाळच्या राउंडला त्याने त्यांना अडवलं होतं, तेव्हाच त्यांनी त्याच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता घातला होता. डॉक्टर म्हणाले, घाव बसताच गेला. म्हणजे सकाळीच... आणि मला फोन आला तो दुपारी.

त्याचा मोबाईल लॉकरमध्ये होता, बंद. ड्युटीवर जाताना सगळ्यांनाच जमा करावा लागतो. माझ्या मोबाईलमध्ये मी पोलिसांना केलेला कॉल दिसत होता, त्याचा आलेला नाही. मला हे कसं कळलं, म्हणून पोलिसांनी खोदून खोदून विचारलं. मोबाईल कंपनीकडूनही रेकॉर्ड मागवलं. त्यातही काही नाही.

तिथले पोलीस साहेब भला माणूस. शेवटी म्हणाले, "ताई, तुमच्यामुळे ती मुलं सुखरूप आहेत. पण हा कॉल आला होता असं मी लिहू शकत नाही."

मी रोज निकाल तपासते, पण या गोष्टीचा निकाल माझ्याकडे नाही. भास म्हणावा, तर दोघींना एकच भास कसा होईल?

कॉल आलाच नव्हता, हे मी आईला घरी येऊन सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग एवढंच म्हणाली, "मगे 'आये, जेवलंस काय' म्हणान माका कोणी इचारल्यान?"