माइकवरचा गजरा

कॉलेज रोडवर एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर आमची जाहिरात संस्था होती. संस्था म्हणजे दोन खोल्या, एक फॅक्स, एक सारखा अडकणारा संगणक आणि दोन माणसं, सर आणि मी. सर पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे. मी कमर्शियल आर्ट शिकून नुकतीच लागले होते आणि चित्रातलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी पक्की समजूत होती.

पहिला धक्का निफाडच्या एका पंपवाल्यानं दिला. त्याच्या जाहिरातीसाठी मी हिरवीगार द्राक्षबाग काढली होती, धो धो पाणी सोडणारा पंप, आणि शेजारून डोक्यावर हंडा घेऊन हसत चाललेली बाई. त्यानं चित्र लांब धरलं, जवळ घेतलं आणि म्हणाला, "चित्र लय भारी हाय. पण ताई, पंप बसल्यावर बी बाई हंडाच वाहतीय? लोक म्हणतील, ह्याचा पंप चालत नाय."

हंडा खोडला. बाईचे हात मोकळे झाले, त्यांचं काय करावं सुचेना, म्हणून तिला द्राक्षांचा घड दिला. पुढे एका साडीवाल्यासाठी खिडकीशी बसलेली तरुणी काढली, समोर रिकामी खुर्ची. मला त्यात वाट पाहणं दिसत होतं. दुकानदाराच्या बायकोनं विचारलं, "हिचा नवरा वारला का?" सर पोट धरून हसले. मला मात्र वाटलं, लोकांना चित्र वाचता येत नाही.

काही वर्षं गेली. रंगवलेले बोर्ड जाऊन फ्लेक्स नुकतेच यायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे आले. तरुणपणी ते गावातल्या एका ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. बंद पडून पंचवीस वर्षं झालेला तो ऑर्केस्ट्रा एका संध्याकाळपुरता पुन्हा उभा राहणार होता, जुनीच गाणी आणि जुनीच माणसं. त्यांनी खिशातून एक कृष्णधवल फोटो काढला. एकसारखे कोट घातलेले सात पुरुष, आणि मध्ये माइकसमोर दोन वेण्या घातलेली, केसात गजरा माळलेली एक मुलगी.

"खरं तर लोक हिला ऐकायला यायचे," काका म्हणाले. "आम्ही आपले मागे वाजवायचो."

"मग या गाणार आहेत ना?"

"लग्न झालं आणि गाणं सुटलं. कुठे असतात माहीत नाही."

"शोधलं नाहीत?"

"परक्या घरच्या सुनेची चौकशी करत कुणाच्या दारात जायचं हो? तेव्हा नाही जमलं. नंतर राहूनच गेलं."

ते गेल्यावर मी तो फोटो बराच वेळ पाहत बसले. मग झपाटल्यासारखं काम केलं. गडद निळी पार्श्वभूमी, मधोमध जुन्या घाटाचा एक माइक आणि माइकवर सोडलेला मोगऱ्याचा गजरा. वर ऑर्केस्ट्राचं नाव, खाली ओळ, 'आठवण त्या सुरांची', आणि कोपऱ्यात चौकशीसाठी आमचा फोन आणि पत्ता. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी तेवढं विचारलं, "गजरा असा लटकवलास का?"

"सर, तिची जागा अजून तिचीच आहे, असा अर्थ आहे त्यात."

"असेल," सर म्हणाले.

अशोक स्तंभाजवळ आणि पंचवटीत फ्लेक्स लागले. तिसऱ्या दिवशी पहिला फोन आला. एक निवृत्त शिक्षिका बोलत होत्या. "कधी गेल्या हो?"

"कोण?"

"त्या गाणाऱ्या. आमच्या लग्नात गायल्या होत्या. फार वाईट वाटलं."

मी समजावून सांगितलं, फोन ठेवला, तर पुन्हा घंटा. एका गृहस्थांना कार्यक्रमात श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलायचे होते. दुपारी काका स्वतःच घामाघूम होऊन जिना चढून आले. "अहो, आमचा तबलजी विचारतोय, सुरुवातीला दोन मिनिटं शांतता पाळायची का? त्याला वाटतंय, मला बातमी कळलीय आणि मी त्याच्यापासून लपवतोय!"

आम्ही काय खुलासा द्यायचा याचा मसुदा करत बसलो. काकांचा चेहरा उतरला होता. जाताना ते दारात थांबून म्हणाले, "खरंच तसं काही नसेल ना हो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक बाई वर आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, डोक्यावर पदर, आणि अंगाला शेवंतीचा वास.

"ते माइकचं चित्र कुणी काढलं?"

"मी काढलं."

"मग सांग, मी कधी मेले?"

त्या फोटोतल्या मुलीची हनुवटी मला आता समोर दिसत होती. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. सरांनी धावत जाऊन खुर्ची आणली.

"आमची मखमलाबादला फुलशेती हाय," त्या बसत म्हणाल्या. "रोज पहाटे बाजारात माल येतो आमचा. धाकट्या जावेनं बोर्ड पाहिला. म्हणली, तुमच्याच ऑर्केस्ट्राचं नाव हाय, पण चित्रात तुम्ही नाय."

बाई जेमतेम सात-आठ किलोमीटरवर राहत होत्या.

"मावशी, मला तसं म्हणायचं नव्हतं. मला वाटलं, गजरा म्हणजे..."

"अगं, गजरा डोक्यात माळतात. तो वळतो, त्याची गाठ आत जाते. तू दोन्ही टोकं सारखी सोडून खाली लोंबत ठेवलास. असं फूल आम्ही एकाच गिऱ्हाइकाला बांधून देतो, गेलेल्या माणसाच्या तसबिरीला घालायला. त्यात आणि खाली 'आठवण' लिहिलंस. सांग, बघणाऱ्याला दुसरं काय वाटावं?"

इतकी वर्षं मी लोकांना चित्र वाचता येत नाही म्हणत होते आणि फुलं विकणाऱ्या या बाईनं माझं चित्र माझ्यापेक्षा नीट वाचलं होतं. "आजच्या आज उतरवतो फ्लेक्स," एवढंच मी म्हणाले.

त्यांनी क्षणभर विचार केला. "उतरवती कशाला? मेलेली बाई गाणार म्हटल्यावर माणसं येतील का नाय?" आणि त्या इतक्या मोकळेपणी हसल्या की सरांचा चहा सांडला.

काकांना फोन केला. सिडकोतून ते स्कूटरवर वीस मिनिटांत पोचले आणि दारातच थबकले. शेवटी म्हणाले, "ताई, पट्टी तीच ठेवायची का?"

"दोन सूर खाली घ्या, दादा. ह्या गळ्याला आता तेवढं सोसत नाय."

"घरी चालेल ना?" काकांनी हळूच विचारलं.

"मालकांनीच आणलंय. खाली टेम्पोत बसलेत. वर यायला लाजत्यात."

सर स्वतः खाली गेले आणि त्यांना हाताला धरून वर घेऊन आले.

कार्यक्रमाच्या रविवारी संध्याकाळी नाट्यगृह भरून पायऱ्यांवरही माणसं बसली होती. मावशींबद्दल आम्ही ऑर्केस्ट्राबाहेर कुणाला काही सांगितलं नव्हतं, खुलासाही दिला नव्हता. पूर्वार्ध छान झाला. वाजवणाऱ्यांची टकलं दिव्यांत चमकत होती, जुने कोट पोटावर बसत नव्हते, पण ठेका पक्का होता. मध्यंतरानंतर पडदा उघडला तेव्हा रंगमंचावर नुसता माइक होता आणि त्यावर गजरा, अगदी माझ्या चित्रातल्यासारखा. ही युक्ती मावशींचीच. लोक गंभीर झाले. समोरच्या रांगेत कुणी रुमाल काढला.

मग त्या विंगेतून आल्या. सावकाश चालत माइकपाशी गेल्या, गजरा काढला, अंबाड्याभोवती वळवला आणि गाठ आत खोचली.

मग मागून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "अहो, आहेत! आहेत!" हशा झाला आणि मागोमाग टाळ्यांचा असा कडकडाट की काकांना सुरुवात तीनदा करावी लागली.

आवाज थोडा घोगरा झाला होता. वरच्या जागा त्या शहाणपणानं टाळत होत्या. पण शब्द उचलण्याची ढब अशी होती की अंगावर काटा आला. दुसऱ्या गाण्यात अंतरा विसरल्या, तर सगळ्या सभागृहानं तो म्हटला आणि त्या कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिल्या. माझ्या शेजारी त्यांचे मालक बसले होते. ते पुटपुटले, "मळ्यात गुणगुणायची, तर मी म्हणायचो, हळू, लोक ऐकतील." मग बराच वेळ त्यांनी टाळ्या थांबवल्या नाहीत. कार्यक्रमानंतर त्या निवृत्त शिक्षिका आत आल्या, मावशींना मिठी मारली आणि मला मनसोक्त रागावून गेल्या.

त्या एका संध्याकाळवर ऑर्केस्ट्रा थांबला नाही. सिन्नरहून बोलावणं आलं, मग लासलगावहून. दसरा-दिवाळीला फुलांची घाई असते, तेव्हा मी येणार नाही, एवढी एकच अट मावशींनी घातली. पोस्टर मीच करायचे आणि छापण्याआधी मखमलाबादला नेऊन दाखवायचे. त्या दर वेळी काहीतरी खोट काढायच्याच आणि वर जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

लासलगावचा कार्यक्रम मी विसरणार नाही. लिलाव आटोपल्यावर बाजार समितीच्या आवारात दुपारी चारला ठेवलेला. खुर्च्या कमी पडल्या, तर शेतकरी सरळ ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर चढून बसले. वाऱ्यानं कांद्याची पातळ सालं उडत होती आणि काकांना शिंकांवर शिंका येत होत्या. मावशींनी गाणं थांबवलं, त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "दादा, एकदा काय ते शिंकून घ्या," आणि सगळं आवार हसत असतानाच पुढची ओळ उचलली.