सिस्टर आणि खोक्यातला फ्रीज

आमच्या सिस्टरशी भांडायला कोणी आलं, की त्या आधी त्याच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधायच्या. "बीपी घेताना बोलायचं नसतं," एवढंच म्हणायच्या आणि सावकाश पंप दाबत बसायच्या. माणूस निम्मा तिथंच गार व्हायचा, उरलेला निम्मा आकडा ऐकून. गावातल्या दोन्ही गटांचे पुढारी असेच भांडायला येऊन बीपीच्या गोळीवर गेले आणि दर महिन्याला गोळ्या न्यायला त्यांच्याकडेच येऊ लागले.

सिस्टर मूळच्या तळेगावच्या. वीस-बावीस वर्षांपूर्वी बदली होऊन पवनानगरच्या पुढं आमच्या गावात आल्या आणि राहिल्या. गावातली बरीच पोरं त्यांच्या हातची. त्यांना नावं आठवत नसत, वजनं आठवायची. मिशा फुटलेल्या पोराची चारचौघांत ओळख करून द्यायच्या, "हा दोन किलो तीनशेचा. फार छळलं यानं." माझी मुलगीही त्यांच्याच हातची. मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसतो, दिवसभर आकडेच भरतो, पण लेकीचं वजन मला सिस्टरनी पाठ करून दिलं. मला त्या आवडायच्या. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही.

दवाखाना म्हणजे समाजमंदिराच्या मागची एक खोली. एक खाट, एक कपाट, आणि फ्रीज नाही. बाळंतपणानंतर रक्त थांबवायचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं. ते सिस्टर कामशेतहून बर्फाच्या डब्यात घालून आणायच्या, डबा मांडीवर घेऊन जीपमध्ये बसायच्या. बर्फ दुसऱ्या दिवशी विरघळायचा. तिथून हाकेच्या अंतरावर आरोग्य उपकेंद्राची नवी इमारत तयार होती. तिच्यात नवा फ्रीज खोक्यासकट येऊन पडला होता. फक्त वीज नव्हती, आणि फ्रीज कागदोपत्री त्या इमारतीचा, म्हणून बाहेर हलवता येत नव्हता.

इमारत माजी सरपंचांच्या, म्हणजे आबांच्या काळात झाली. कोनशिलेवर त्यांचं नाव. म्हणून आताचे सरपंच, भाऊ, मीटरच्या अर्जावर सही करीनात. पुढं भाऊ कोनशिला बदलून सही करायला तयार झाले, तर आबांचे सदस्य सभेतून उठून गेले. मग दोघांनी एकमेकांविरुद्ध वर तक्रारी केल्या. दोघांच्या तक्रारी मीच टाइप करायचो. मसुदा एकच, नावं तेवढी उलटी करायची. 'विकासकामात खोडा घालणारे' हे दोन्हीकडे चालायचं.

गेल्या वर्षी सिस्टर पहिल्यांदा कचेरीत येऊन खुर्चीवर बसल्या. डोंगरावरच्या ठाकरवाडीतल्या सुमनला दिवस गेले होते. पहिल्या खेपेला तिला फार रक्त गेलं होतं. "शेवटच्या पंधरवड्यात तिला मोठ्या दवाखान्यात नेऊन ठेवणार आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण ही आधीच अडली तर? मला तो फ्रीज चालू करून द्या भाऊ."

"सिस्टर, मी न्हाई म्हनतोय का?" भाऊ म्हणाले. "आबास्नी दगड काढू द्या, आत्ता सही करतो."

सिस्टर तिथून तडक आबांकडे गेल्या. आबा म्हणाले, "माजं नाव हाय म्हनून त्याच्या पोटात दुखतंय. त्याला इचारा, बाईमानसाच्या जिवापरीस दगड मोठा हाय का?"

असं तीनदा झालं. चौथ्यांदा सिस्टर कोणाकडे गेल्या नाहीत. आठवड्यातून एकदा आणायचा तो डबा त्या एक दिवसाआड आणू लागल्या.

सुमन तीन आठवडे आधीच अडली, आणि तीही मधल्या दिवशी. घरच्यांनी तिला भरदुपारी झोळीत घालून खाली आणलं. मुलगा झाला, अडीच किलोचा. मग रक्त सुरू झालं, ते थांबेना. डब्यातल्या इंजेक्शनचा गारवा कधीच गेला होता. सिस्टरनी तेच दिलं. अँब्युलन्सला फोन केला, ती लांब होती. शेवटी सीटा भरून कामशेतला जाणारी जीप रिकामी करून तिला घेऊन निघाले. कामशेतच्या अलीकडं सुमन गेली. मला फोन आला तेव्हा मी कोणाचा तरी रहिवासी दाखला काढत होतो. तो काढला, शिक्का मारला, त्याला दिला. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

मीटर आठ दिवसांत बसला. चौकशी लागणार असं कळलं, तशा पुन्हा दोन्हीकडच्या तक्रारी सुरू झाल्या. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की चौकशी दोघांनाही धरील. सभा झाली. कोणी उठून गेलं नाही. सिस्टरच्या हलगर्जीपणामुळे मृत्यू झाला, सबब त्यांची तातडीने बदली व्हावी, असा ठराव झाला. सूचक भाऊंच्या गटाचा, अनुमोदक आबांच्या गटाचा. सर्वानुमते मंजूर. माझ्या नोकरीत या दोघांच्या सह्या एका कागदावर मी पहिल्यांदाच पाहिल्या.

सिस्टर नक्कल घ्यायला आल्या तेव्हा कचेरीत मी एकटाच होतो. "चष्मा घरी राहिलाय, वाचून दाखव," म्हणाल्या. मी सगळं वाचलं. त्या उभ्यानं ऐकत होत्या. एकाच ठिकाणी त्यांनी मला थांबवलं.

"तीन वाजता नाही. सव्वातीनला गेली ती. तेवढं बरोबर कर."

मी बरोबर केलं, पुन्हा प्रिंट काढली. कागद देताना मान वर होईना.

"सिस्टर, मजकूर त्यांचा आहे," मी म्हणालो. "मी फक्त टाइप केलं."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

"हो रे," त्या म्हणाल्या. "भाऊंनी फक्त सही केली नाही. आबांची माणसं फक्त उठून गेली."

मग पोच म्हणून रजिस्टरवर सही केली आणि त्या कामशेतच्या जीपकडे चालत गेल्या.