पुलाच्या खांबावरचा वड

परवा वटपौर्णिमेला आमच्या आईने चक्क पुलाच्या खांबाला सूत गुंडाळलं... हसू नका, पुढे वाचा.

आमच्या डोंबिवली वेस्टला, कोपरच्या बाजूला, रस्ता रुंद करताना कोपऱ्यावरचा वड गेला. लग्न होऊन आल्यापासून आई त्यालाच पूजायची. बाजारात फांद्या मिळतात हो, पण तिला त्या चालत नाहीत. म्हणते, "झाड तोडून नवऱ्याचं आयुष्य कसलं मागायचं गं?"

यंदा तर तिचा जीव आणखीच टांगणीला लागलेला. बाबांची बायपास झाली. ऑपरेशन छान झालं, डॉक्टर म्हणतात रोज चाला, पण बाबा मनातून पार घाबरलेले. घराबाहेर पाऊलच टाकत नव्हते. मी गोड बोलले, भांडले, रडलेसुद्धा... ढिम्म! दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे.

गॅलरीसमोरच पूल. त्याच्याखाली आता फरशी घातलीय, बाक बसवलेत आणि खांबांवर खाडीतले बगळे, तिवरं, फुलपाखरं असं काय काय रंगवतायत. कडेच्या खांबावर एक मुलगी वड काढत होती, पारंब्या अगदी जमिनीपर्यंत. आईने तो पाहिला आणि ठरवूनच टाकलं.

मला जाम टेन्शन. हळद-कुंकवाने चित्राची वाट लागली तर? आम्ही ताट घेऊन गेलो तेव्हा ती मुलगी शिडीवरच होती, मी आधीच सॉरी म्हणून टाकलं. तर तिने खाली उतरून शिडी बाजूला घेतली. "खालचं सुकलंय काकू, करा ना. माझी मम्मीपण करते."

आईने आंबा ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, फेऱ्या सुरू केल्या. पण तिचे ते गुडघे! तिसऱ्या फेरीला कळ आली आणि ती बाकावर मटकन बसली. मी सूत घ्यायला गेले तर मलाच दटावलं, "तुझं काय काम? माझ्या नवऱ्यासाठी आहे ते." बोलता बोलता डोळ्यांत पाणी. व्रत अर्धवट राहिलं तर बाबांना काहीतरी होईल, हेच तिच्या डोक्यात.

सहज वर पाहिलं तर गॅलरीतली खुर्ची रिकामी... मी घराकडे धावत निघाले, तोवर बाबाच समोर! लेंगा-बनियनवर, जिना उतरून, रस्ता ओलांडून आलेले. त्यांनी आईच्या हातातलं सूत घेतलं.

"ज्याच्यासाठी आहे तोच मारतो फेऱ्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे."

हळूहळू, खांबाला हात टेकत चालत होते. आईच शेवटी घाबरली, "अहो, पुरे आता, दमाल."

"थांब गं, एक राहिलीय."

काल संध्याकाळी ते आपणहून चपला घालून खाली जाऊन आले. त्या मुलीचं नाव विचारायचं भानच राहिलं नाही मला. अगं, ही पोस्ट तुझ्यापर्यंत पोचली तर एवढंच सांगायचंय... तू वड रंगवलास आणि माझे बाबा चालायला लागले. खूप खूप थँक्यू.