सोललेलं अंडं

परभणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका लिंगायत काकांचं सुतळी-दोरखंडाचं दुकान आहे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. गिऱ्हाईक कुणीही असो, आधी ‘बसा’ म्हणतात आणि मग भाव सांगतात.

ताडकळसच्या बाजारातून त्यांनी एक मांजर उचलून आणली. दूध-भात आणि शेव खाऊन तिचे केस झडू लागले. डॉक्टर म्हणाले, हिला अंडं लागतं. भातात थोडं थोडं मिसळा आणि भात कमी करत जा. त्यांच्या घरात अंडं कधी आलेलं नव्हतं. समोरचा अंड्यांचा गाडीवाला उकडलेलं अंडं कागदावर आणून ठेवी, पण ते त्याला हात लावत नसत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत, “तुमी खाता न्हवं? मग एवढं सोलून द्या.” बहुतेकदा मीच सापडे. मी कुस्करून दिलेलं अंडं ते चमच्याने भातात कालवत आणि मांजरीला म्हणत, “खा बाई. आमच्यात तुला एकटीला माफी हाय.” ती भात खाई आणि अंडं ठेवून देई. ते दिवसभर हिरमुसलेले असत.

परवा मला उशीर झाला. पोचलो तेव्हा कागदावर टरफलं होती आणि टरफलांनाच निम्मं अंडं चिकटलेलं होतं. भात नव्हताच. मांजर त्यांच्या बोटांवरचा बलक चाटत होती.

“कुणी सोललं?” मी विचारलं.

“ही वरडायलीय अन् तुमचा पत्ता न्हाई.”

त्यांनी बोटं मागे घेतली नाहीत.

“जीभ लय खरबरीत हाय हो हिची,” ते म्हणाले.